जुनी स्टीलची टूरिंग सायकल आणि २० किलो सामान: मागचं चाक, गिअर, कॅरिअर यांचं काय करावं?

आडवी_नळी

सायकलची मापं आधी देतो, म्हणजे कुणाला अंदाजावर बोलावं लागणार नाही.

फ्रेम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची, क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम स्टील) नळ्यांची, लग (सांध्यावरच्या बाह्या) लावून ब्रेझ केलेली. मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं (एक्सल बसतो त्या खाचांमधलं) आतलं अंतर १२६ मिमी. सहा चकत्यांचं फ्रीव्हील (हबवर थ्रेडने चढणारा चकत्यांचा संच), १४ ते २८ दाती. क्रँक चौकोनी टेपरचा, चेनरिंग ५२ आणि ४०. बी.बी. (बॉटम ब्रॅकेट, क्रँकच्या एक्सलचं बेअरिंग) इंग्लिश थ्रेडचा. चाकं २७ × १ १/४ इंची, ॲल्युमिनिअम रिम, ३६ स्पोक. ब्रेक सेंटरपुल (मधल्या वायरने दोन्ही हात एकत्र ओढणारे). गिअरचे लिव्हर डाउनट्यूबवर, फ्रिक्शनचे (ठरलेले टप्पे नसलेले). ड्रॉपआउटला पुढे-मागे एकेकच आयलेट (बोल्टचं भोक) आहे. सीटस्टेवर (सीटखालून मागच्या एक्सलकडे येणाऱ्या नळ्यांवर) किंवा फोर्कच्या मध्यावर कॅरिअर लावायला काहीही सोय नाही.

चालवणाऱ्याचं वजन ७५ किलो, सामान २०, प्रवास काही आठवड्यांचा. रस्ता बहुतेक डांबरी, थोडा खडीचा, घाट लांबलचक. सगळ्यात हलका गिअर सध्या ४० भागिले २८ गुणिले २७ म्हणजे ३८.६ इंच येतो (चेनरिंगचे दाते भागिले चकतीचे दाते गुणिले चाकाचा व्यास; आकडा लहान तितका गिअर हलका). भरलेल्या सायकलला तो जड पडणार हे उघड आहे.

प्रश्न असे: फ्रीव्हीलचं हब ठेवावं की फ्रेम रुंद करून कॅसेटचं (चकत्यांचा संच सरकवून बसवायचं) हब बसवावं? चाक बदलायचंच असेल तर २७ इंचीच ठेवावं की ७०० सी (थोडं लहान, आजचं प्रचलित माप) करावं? आणि आयलेट नसलेल्या फ्रेमवर एवढं सामान नीट बसेल का?

छर्रे_आणि_ग्रीस

फ्रेमची काळजी सगळ्यात शेवटी करा. अशा सायकली वाटेत अडतात त्या मागच्या चाकामुळे, आणि बहुतेक वेळा उजव्या बाजूला.

कारण साधं आहे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, हबच्या कवचात असतात. तिथपासून ड्रॉपआउटपर्यंत साधारण ३ सेंमी एक्सल आधाराशिवाय लोंबतो. वर क्विक रिलीजसाठी तो पोकळ. पाठीमागे सामान चढलं आणि खड्डे लागले की तिथेच वाकतो, आणि काही दिवसांनी मोडतो. शिमानोने १९७८ च्या सुमारास फ्रीहब आणला. त्यात उजवे छर्रे कॅसेटच्या बाहेरच्या टोकाला, ड्रॉपआउटच्या अगदी जवळ गेले. आधाराशिवायची लांबीच उरली नाही, त्यामुळे तो त्रास जवळपास संपला.

आताचा एक्सल वाकलाय का ते बघा. चाक काढा, हब हातात धरा आणि एक्सल बोटांनी सावकाश फिरवा. टोक गोलगोल डुलत असेल तर वाकलेला आहे. बेअरिंगचा कोन (छर्ऱ्यांना धरणारा शंकूसारखा नट) कितीही जुळवला तरी एका जागी घट्ट आणि अर्ध्या फेरीनंतर ढिला लागतो, हेही त्याचंच लक्षण. नवा एक्सल टाकून भागेल, पण आधी ड्रॉपआउट एकमेकांना समांतर आहेत का ते तपासा. तिरक्या ड्रॉपआउटमध्ये नट किंवा क्विक रिलीज आवळला की एक्सल आवळतानाच वाकतो. मग लोक सामानाला दोष देतात.

माझं मत: ३६ भोकांचं, १३० मिमीचं कॅसेट हब घ्या. १२६ वरून १३० म्हणजे एका बाजूला फक्त २ मिमी. हे चाक हाताने फाकवूनही आत जातं, पण रोज तसं करण्यापेक्षा फ्रेम एकदाच कायमची उघडून ड्रॉपआउट समांतर करून घेतलेले बरे.

पद्धत अशी.

आधी दोरीची चाचणी. एका ड्रॉपआउटला दोरी बांधा, ती हेडट्यूबच्या पुढून वळवून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणा. आता सीटट्यूबपासून दोरीचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक १ मिमीच्या आत असला तर मागचा त्रिकोण मध्यावर आहे.

मग दोन्ही बाजू वेगवेगळ्या उघडायच्या. दोन्ही ड्रॉपआउटच्या मधे थ्रेडेड रॉड घालून नट फिरवणं सोपं वाटतं, पण जी बाजू कमजोर तीच सगळी सरकते आणि मध्य बिघडतो. त्याऐवजी दीड मीटरचा जाड लाकडी दांडा घ्या. जी बाजू उघडायची त्याच बाजूने दांड्याचं पुढचं टोक सीटट्यूबला बाहेरून टेकवा. दांड्याचा मागचा भाग त्याच बाजूच्या स्टेंना (वरची सीटस्टे आणि बी.बी.कडून एक्सलकडे जाणारी खालची चेनस्टे) आतून, ड्रॉपआउटच्या किंचित पुढे टेकू द्या. मागचं टोक बाहेर ओढा. खुद्द ड्रॉपआउटवर जोर द्यायचा नाही, तो पिळतो. सुरुवातीला स्टील नुसतं स्प्रिंगसारखं परत येईल, म्हणून थोडं ओढा, सोडा, मोजा, पुन्हा थोडं जास्त ओढा. एकदम जोर लावला की मर्यादा ओलांडल्यावरच कळतं.

झाल्यावर दोरी पुन्हा लावा. दोन स्टेंना जोडणारे पूल आहेत, एक ब्रेकचा आणि एक बी.बी.च्या मागचा, त्यांच्या सांध्यांवर रंगाला चीर गेली आहे का बघा. मग ड्रॉपआउट समांतर करायचे आणि शेवटी डिरेलरचा (चेन चकत्यांवर सरकवणाऱ्या भागाचा) हँगर सरळ करायचा. बाजू फिरली की हँगरही फिरतो.

हे फक्त स्टीलसाठी, ॲल्युमिनिअमची फ्रेम चुकूनही वाकवू नका. स्टीलमध्येही रेनॉल्ड्स ७५३ सारख्या उष्मोपचार केलेल्या पातळ नळ्या असतील तर हात लावू नये.

एक बारीक गोष्ट: १३० च्या हबचा एक्सल बहुधा १४१ मिमी असतो, म्हणजे दोन्हीकडे साडेपाच मिमी बाहेर. तुमचे ड्रॉपआउट पत्र्याचे, पातळ असतील तर एक्सलचं टोक त्यांच्या बाहेर डोकावेल आणि क्विक रिलीज ड्रॉपआउटऐवजी एक्सलच्या टोकावर आवळला जाईल. चाक घट्ट वाटेल, पण धरलेलं नसेल. कानशीने टोक घासून आत घ्या.

स्पोक २.०/१.८/२.० मिमीचे, मधे बारीक केलेले घ्या. जाड म्हणजे मजबूत असं इथे नसतं. मधला बारीक भाग किंचित ताणला जातो, त्यामुळे वाकणाच्या जागी ताण कमी येतो, आणि स्पोक मोडतो तो तिथेच, हबच्या भोकाशी. मोडण्याचं खरं कारण ताण कमी असणं. ढिला स्पोक प्रत्येक फेरीत सुटतो आणि पुन्हा ताणला जातो, असं लाखो वेळा झालं की धातू थकतो. उजवीकडे १०० ते १२० किलो ताण ठेवा. रिमवर लिहिलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर ती पाळा. आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून झाला की शेजारचे दोन-दोन समांतर स्पोक मुठीत धरून जोरात दाबा, पूर्ण चाकभर. वाकणं भोकात बसतात. मग पुन्हा आऊट बघा, थोडा आलेला असेल.

सव्वीस_बाय_चौतीस

हबबद्दल सहमत, फक्त मी १३५ चं माउंटन बाइकचं हब घेतलं असतं. एका बाजूला साडेचार मिमी होतात, साध्या क्रोमोलीला ते झेपतं. १३५ मध्ये रिम दोन फ्लँजच्या (हबवर स्पोक अडकतात त्या कडांच्या) मध्याला जास्त जवळ येते, म्हणून डाव्या-उजव्या स्पोकच्या ताणातला फरक कमी होतो. १३० मध्ये डावे स्पोक उजव्यांच्या मानाने बरेच ढिले राहतात आणि त्यांचे निपल आपोआप सुटतात. मात्र आधी बघा: सगळ्यात लहान चकतीवर चेन असताना ती सीटस्टेला घासणार नाही ना, आणि चेनस्टेमध्ये टायरला जागा किती उरते.

चाक नवं बांधताय तर ७०० सी करा. २७ इंची रिमचा व्यास ६३० मिमी आणि ७०० सी चा ६२२, म्हणजे त्रिज्येत ४ मिमीचा फरक. ब्रेकचे रबर ४ मिमी खाली यायला हवेत. सेंटरपुल ब्रेकच्या खाचेत बहुधा तेवढी जागा असते, पण मोजल्याशिवाय रिम घेऊ नका. फायदा दुहेरी. २७ इंचीत टायर ३२-६३० पर्यंतच सहज मिळतात आणि निवड थोडी. ७०० सी मध्ये ३५ किंवा ३७ मिमीचा टायर मडगार्डसकट बसायला तीच ४ मिमी कामाला येतात.

टायर घेताना त्यावरचा हा तीन आकडी व्यास वाचा, इंचावर जाऊ नका. ६३० चा टायर ६२२ च्या रिमवर चढतो, हवाही धरतो आणि चालताना निसटतो. जुन्या २८ × १ १/२ चा व्यास ६३५, तो आणखी वेगळा.

जुन्या रिम ठेवणार असाल तर आतल्या कडेला बोट फिरवून बघा. कड आत वळलेली असेल तर ठीक. सरळ भिंत असेल तर ७५ पीएसआयच्या वर जाऊ नका. तुमच्या वजनाला ३७ मिमीच्या टायरमध्ये मागे ६५ ते ७० आणि पुढे ५० ते ५५ पुरतात.

आता गिअर. भरलेल्या सायकलला २० ते २२ इंचांचा हलका गिअर लागतो. क्रँक ११०/७४ मिमी बोल्ट-वर्तुळाचा ट्रिपल (तीन चेनरिंगचा), ४६/३६/२६, आणि मागे आठ चकत्यांची ११-३४ कॅसेट. सगळ्यात हलका २६ भागिले ३४ गुणिले २७ म्हणजे २०.६ इंच. सगळ्यात जड ११३, तो वापरालच असं नाही, पण कॅसेटसोबत येतोच. मागच्या डिरेलरला लागणारी क्षमता (४६ वजा २६) अधिक (३४ वजा ११) म्हणजे ४३. लांब पिंजऱ्याचा माउंटन बाइकचाच घ्या. बहुतेक रोड डिरेलर ३४ दाती चकतीवर अडकतात.

फ्रिक्शन लिव्हर अजिबात काढू नका. त्यांना कुठलाही डिरेलर आणि कितीही चकत्या चालतात, आणि हँगर पडून किंचित वाकला तरी गिअर पडतात. फक्त काही जुन्या लिव्हरचा ड्रम लहान असतो, आठ चकत्यांइतकी वायर तो ओढत नाही. बसवण्याआधी स्टँडवर शेवटच्या चकतीपर्यंत जातोय का बघा. चेन ८ स्पीडची लावा. १२ इंच लांबीत १/१६ इंच वाढली की बदला. १/८ वाढेपर्यंत थांबलात तर चकत्याही जातील.

ट्रिपलला बी.बी.चा एक्सल जुन्याहून लांब लागतो. इथे लोक फसतात ते टेपरच्या दोन पद्धतींमुळे. आयएसओ टेपरचा क्रँक जेआयएस एक्सलवर चढवला तर तो साधारण साडेचार मिमी बाहेर राहतो. चेनची रेष बिघडते आणि क्रँक पुरेसा आतही बसत नाही. क्रँक ज्या पद्धतीचा, एक्सल त्याच पद्धतीचा. इंग्लिश बी.बी.चा उजवा कप उलट्या थ्रेडचा असतो हे माहीत असेलच. क्रँकचे बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटरला एकदा आवळले की पुन्हा पुन्हा आवळत बसू नका. दर वेळी क्रँक आणखी वर चढतो आणि चौकोनी भोकाच्या कोपऱ्यातून तडकतो.

उतारावर_सावकाश

वर चढण्याची सोय दोघांनी लावली, आता खाली उतरण्याचं बघू.

सेंटरपुल ब्रेक वाईट नसतात, त्यांची वायर आणि रबर वाईट असतात. चाळीस वर्षांचं रबर दगड झालेलं असतं. रबर नवे टाका. रबराची पुढची बाजू रिमला आधी टेकेल आणि मागे साधारण १ मिमी फट राहील असं लावा, नाहीतर ब्रेक किंचाळतो. केसिंग आतून अस्तर असलेलं घ्या. हँडलच्या आडव्या भागाला समांतर येणारे जादा लिव्हर असतील तर काढून टाका. अर्ध्या ओढीत ते हँडललाच टेकतात.

सेंटरपुलमध्ये मुख्य वायर तुटली तर दोन हातांना जोडणारी आडवी वायर थेट टायरवर पडते. ती टायरच्या नक्षीत अडकली की चाक जागच्या जागी थांबतं. पुढच्या चाकावर मडगार्ड किंवा रिफ्लेक्टरची पट्टी असेल तर ती वायरला वरच अडवते. पुढचं मडगार्ड काढून प्रवासाला निघू नका, याचं चिखलाहून मोठं कारण हे आहे.

लांब उतारावर एकच ब्रेक सतत घासू नका. रिम तापते, ट्यूबमधल्या हवेचा दाब वाढतो, टायर रिमवरून उडू शकतो. थोडं जोरात ओढा, सोडा, आणि दोन्ही ब्रेक आलटूनपालटून वापरा.

कॅरिअर. खालचं आयलेट आहे ना, मग निम्मं काम झालं. वजन खालच्या बोल्टवर येतं, वरचे हात फक्त डुलू देत नाहीत. म्हणून वरच्यासाठी रबर लावलेले स्टेनलेस पी-क्लिप (नळीला कवटाळणारे पट्टे) सीटस्टेला चालतात, किंवा आयलेट असलेलं सीटचं कॉलर. मात्र खालचे पाय पी-क्लिपवर कधीच टांगू नका, घसरतात.

आयलेट एकच, त्यात मडगार्डही बसवायचंय. कॅरिअर आत, ड्रॉपआउटला चिकटून, आणि मडगार्डची तार बाहेर. उलट केलं तर बोल्टचा जोर लांबून येतो आणि तो वाकतो. ५ मिमीचा बोल्ट, थ्रेडलॉकचा थेंब. उजवीकडे बोल्टचं टोक आत किती येतं ते डोळ्याने बघा, सगळ्यात लहान चकतीवरची चेन त्याला घासते. म्हणून आतून नायलॉक नट फक्त डावीकडे. कॅरिअर स्टीलच्या नळीचं. तुटलंच तर कुठलाही वेल्डर जोडून देतो. ॲल्युमिनिअमचं सांध्याशी तुटतं आणि वाटेत त्याला फारसा उपाय नसतो.

पुढे यू-बोल्टने फोर्कला धरणारं लो-रायडर (पिशव्या खाली धरणारं पुढचं कॅरिअर) मिळतं. नळी चेपेल इतकं आवळू नका, खाली रबराची पट्टी घाला. वाटणी साधारण मागे १२, पुढे ६, हँडलच्या पिशवीत २ किलोच्या आत. जड वस्तू तळाशी. डाव्या-उजव्या पिशव्यांत अर्ध्या किलोहून जास्त फरक नको. मागच्या पिशव्या टाचेला लागतात म्हणून लोक त्या मागे सरकवतात. पिशवीचा मध्य एक्सलच्या मागे गेला की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरायला लागतं.

थरथर सुरू झाली तर हँडल घट्ट आवळू नका, पुढचा ब्रेक दाबू नका. एक गुडघा आडव्या नळीला टेकवा, वजन सीटवरून किंचित उचला, मागच्या ब्रेकने हळू व्हा. मग थांबून कारण शोधा: हेडसेट ढिला, कॅरिअर डुलतंय, पुढचे स्पोक ढिले, नाहीतर पिशवी जड. पातळ नळ्यांच्या उंच फ्रेममध्ये थोडी थरथर सामानाच्या वाटणीनेच जाते, त्याला दुसरं औषध नाही.

आणखी एक, हा वाद घालण्याचा विषय नाही: ॲल्युमिनिअमचं जुनं हँडल बदला. चीर स्टेमच्या पकडीखाली जाते, तिथे ती बाहेरून दिसत नाही, आणि हँडल तुटतं तेव्हा एकदम तुटतं. स्टेम, क्रँक आणि पेडलच्या भोकाभोवतीचा भाग पुसून चांगल्या उजेडात बघा. नखाला अडकणारी रेघ असेल तर ओरखडा समजून सोडू नका. नवं हँडल घेताना पकडीचा व्यास मोजा, जुन्या स्टेममध्ये २५.४, २६.० आणि २६.४ सगळे सापडतात.

छर्रे_आणि_ग्रीस

सोबत काय घ्यायचं ते राहिलं. स्पोक मागचे उजवे ३, मागचे डावे २, पुढचे २, तिन्हीची लांबी वेगळी. चेनस्टेला टेपने चिकटवून ठेवा. उजवा स्पोक बदलायला कॅसेट काढावी लागते, तेव्हा लॉकरिंगचं टूल हवंच. फ्रीव्हील ठेवलंत तर त्याच जातीचा रिमूव्हर: दोन दाती, चार दाती आणि आतून खाचांचे, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. शिवाय तो फिरवायला बेंच व्हाइस किंवा लांब पाना लागतो, तो रानात कुठून आणणार? कोनचे पातळ पाने, मागचे १/४ इंची आणि पुढचे ३/१६ इंची छर्रे, ब्रेक आणि गिअरची एकेक वायर.

आडवी_नळी

मोजून आलो. ब्रेकच्या खाचेत खाली ६ मिमी शिल्लक आहे, म्हणजे ७०० सी बसेल. १३५ ला चेन सीटस्टेच्या फार जवळ जाते, म्हणून १३० ठरवलं. एक्सल डुलतोय, वाकलेलाच आहे.

दोरीच्या चाचणीत मात्र फरक निघाला: सीटट्यूबपासून डावीकडे दोरी ३ मिमी जास्त लांब आहे. आधी हे सरळ करून मग दोन्हीकडे २-२ मिमी उघडू का?

छर्रे_आणि_ग्रीस

नको, दुप्पट काम कशाला. डावीकडे अंतर जास्त याचा अर्थ मागचा भाग डावीकडे सरकलेला आहे. दोरी सीटट्यूबपाशी जो फरक दाखवते त्यात दोन्ही बाजू मोजल्या जातात, त्यामुळे ड्रॉपआउटचा मध्य प्रत्यक्षात अडीच मिमीच्या आसपास डावीकडे असेल. म्हणजे १२६ मधले डावीकडे सुमारे ६५.५ आणि उजवीकडे ६०.५. १३० साठी दोन्हीकडे ६५ हवेत. तेव्हा डाव्या बाजूला हातच लावू नका, चारही मिमी उजवीकडेच उघडा. उरलेला फरक दोरीवर १ मिमीच्या आत येईल.

उजवी चेनस्टे चेनरिंगसाठी बाहेरून चेपलेली असते, तिथे घडी पडण्याचा धोका असतो. दांडा त्या खळग्यापासून दूर, ड्रॉपआउटजवळच ठेवा आणि प्रत्येक ओढीनंतर खळग्याच्या कडेचा रंग बघा. रंग सुरकुतला तर तिथेच थांबा आणि पुढचं फ्रेम बांधणाऱ्याकडून करून घ्या.